अकरा मिनिटांची खरी नक्कल

मी रोज सकाळी अर्धा तास देवापुढे बसतो. बसण्याआधी राग बाहेर चपलांशेजारी काढून ठेवतो आणि ऑफिसला निघताना चपलांबरोबर परत चढवतो. ही व्यवस्था वर्षानुवर्षं नीट चालली होती. मधलं एक वर्ष मात्र असं गेलं की राग बाहेर थांबायलाच तयार नव्हता. तो आत येऊन माझ्या शेजारी मांडी घालून बसायचा, आणि देव राहायचा बाजूला, मी रागाशीच बोलत बसायचो. देव सगळं ऐकत होता हे मला फार उशिरा कळलं.

कारण एक डीव्हीडी.

चित्रपटाचं नाव सांगणार नाही. सांगितलं तर तुमच्यातले चारजण कुतूहल म्हणून तीच डीव्हीडी विकत आणतील, आणि त्या कंपनीचं माझ्या हातून भलं झालं तर मला स्वतःचं तोंड आरशात बघवणार नाही. एवढंच सांगतो की चित्रपट जुना आहे, काळा-पांढरा आहे, आणि आमच्या घरात त्याला नुसतं 'आपला चित्रपट' म्हणतात.

आपला असण्याचं कारण असं. माझे वडील थिएटरात ऑपरेटर होते. म्हणजे पडद्यावर जे दिसतं ते मागच्या केबिनमधून दाखवणारा माणूस. दोन मशीनं, मधे एक स्टूल, समोर भिंतीत वीतभर खिडकी. एका मशीनवरचं रीळ संपत आलं की दुसऱ्यावरचं सुरू करायचं, आणि खाली बसलेल्या आठशे माणसांना याचा पत्ता लागू द्यायचा नाही. वडिलांनी हे काम चौतीस वर्षं केलं, आणि मला वाटतं तेवढ्या काळात त्यांनी चौतीस वाक्यं बोलली असतील. आई म्हणायची, माणूस मशीनशेजारी बसून बसून मुका झाला.

मी पाच वर्षांचा असताना आईने मला तो चित्रपट दाखवला. शेवटच्या रांगेत, खांबाशेजारी. मला त्यातलं एकच आठवतं. नायिका घर सोडायला निघते, दार लावून जिन्यावर बसते, आणि एक बुवा आख्यान लावतात. गात गात, थांबत, हातवारे करत. एका भक्ताचं देवाशी भांडण होतं. देव बोलत नाही ही त्याची तक्रार. तो चिडून गाठोडं बांधतो आणि गाव सोडतो. पण पावलागणिक गाठोडं जड होत जातं. शेवटी दमून तो ते उघडतो, तर आत देव बसलेला, आणि अजूनही गप्प. अकरा मिनिटांचं आख्यान आहे. मी पुढे आयुष्यात पुष्कळ बुवा ऐकले, त्यांच्यापायी पावसात भिजलो, बायकोची बोलणी खाल्ली. पण त्या अकरा मिनिटांचा सूर कानातून गेला नाही.

आता मूळ पदावर येतो.

आईचे डोळे गेले त्याला चार वर्षं झाली. गेल्या साली कानाच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की डावा कान संपला आहे आणि उजव्यात फार तर वर्षभराचं ऐकणं शिल्लक आहे. घरी आल्यावर आई खाटेवर बसली, पाय वर घेतले आणि म्हणाली, "कान आहेत तोवर ते आख्यान एकदा ऐकव. मग काही मागायची नाही."

तिने मागितलेली ही पहिली गोष्ट. मी पासष्ट दुकानं फिरलो असतो. पण पहिल्याच दुकानात डीव्हीडी मिळाली. वेष्टनावर लिहिलं होतं: संपूर्ण, स्वच्छ, सुधारित, रंगीत. या चार शब्दांपैकी एकही खरा नव्हता हे सिद्ध करण्यात माझं पुढचं वर्ष गेलं.

रविवारी दुपारी आम्ही सगळे बसलो. आई खाटेवर, उजवा कान टीव्हीकडे करून. बायको भाजी निवडत. पहिल्या पाच मिनिटांत माझं डोकं तडकलं. ज्या माणसाने ते चित्र 'स्वच्छ' केलं होतं त्याने धुळीबरोबर चेहरेही पुसले होते. सगळी पात्रं मेणाची. नायिकेचा म्हातारा बाप साबणाच्या वडीसारखा गुळगुळीत. नायक म्हणतो, तुझा हा काळा कोट मला पाहवत नाही, आणि कोट हिरवागार. आपल्यालाही तो पाहवत नाही, पण वेगळ्या कारणाने. बरं, चित्रपटात जिथे शांतता होती तिथे यांनी पक्षी घातले होते. मी बायकोला म्हटलं, हा प्रसंग तळघरातला आहे, तळघरात पक्षी कुठून आले. ती म्हणाली की तुम्ही ओरडलात तर आईंना पक्षीसुद्धा ऐकू येणार नाहीत.

नायिकेने पेटी भरली. दार लावलं. जिन्यावर बसली. मी आईचा हात धरला.

आणि सकाळ झाली. दूधवाला आला. नायिका गावाला पोहोचलीसुद्धा.

आई दोन मिनिटं कान लावून होती. मग म्हणाली, "झालं का?"

मी तसाच उठून फोन लावला. याआधी टीव्हीवर हा चित्रपट तीनदा लागला होता आणि तिन्ही वेळा ते आख्यान नव्हतं. तेव्हा मी जाहिरातवाल्यांच्या नावाने खडे फोडून गप्प बसलो होतो. व्हिडिओ कॅसेट आली, तिच्यातही नव्हतं. तेव्हा कॅसेट लहान पडली असेल अशी समजूत काढली. पण ज्याच्यावर 'संपूर्ण' छापलंय त्यातही नाही म्हणजे आता मर्यादा झाली. फोनवरच्या बाईंनी माझं म्हणणं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं की डीव्हीडीवर ओरखडा आहे का. मी म्हटलं ओरखडा माझ्या मनावर आहे. त्यांनी तशी नोंद केली. खरंच केली, पुढे त्यांच्या पत्रात 'ग्राहकाच्या मनावर ओरखडा' असं आलं होतं.

आमच्या गावात जुन्या चित्रपटांच्या रसिकांचं एक मंडळ आहे. इस्त्रीच्या दुकानावरच्या खोलीत दर रविवारी सकाळी भरतं. खालून वाफ येते, वरून आम्ही तापलेले असतो. अध्यक्ष म्हणजे भूगोलाचे निवृत्त मास्तर. त्यांच्याखालोखाल दातांचे डॉक्टर, ज्यांच्या तावडीत सापडलेल्या माणसाला तोंड उघडं ठेवून चित्रपटावरचं व्याख्यान ऐकावं लागतं. मग मी आणि दोघे भाऊ, जे एकमेकांशी बोलत नाहीत पण मत नेहमी एकच देतात. सहावा सभासद होता. बँकेतले एक अधिकारी परगावाहून बदलून आले होते, ते एकदा म्हणाले की आमच्या गावी हा चित्रपट लागला तेव्हा असलं काही आख्यान-बिख्यान नव्हतं. त्यांना आम्ही त्याच दिवशी कमी केलं. ठरावात कारण दिलं, 'स्मरणशक्तीचा अभाव'.

मी बातमी सांगितल्यावर मंडळ पेटलं. मास्तर म्हणाले की हा सांस्कृतिक दरोडा आहे. डॉक्टर म्हणाले की दरोडा दिवसा घालत नाहीत, ही चोरी आहे. त्यावर वीस मिनिटं गेली. शेवटी असं ठरलं की कंपनीला नुसतं पत्र लिहून भागणार नाही, गाळलेली अकरा मिनिटं शब्दशः लिहून पाठवायची, म्हणजे त्यांना नाही म्हणायला तोंड उरणार नाही. आम्ही आठवणीतून लिहायला बसलो. पाच रविवार लागले. बुवांचं उपरणं डाव्या खांद्यावर की उजव्या, यावर एक आख्खा रविवार. गाठोडं नदीकाठी उघडलं की सातव्या मैलाच्या दगडापाशी, यावर दुसरा. मास्तरांनी भूगोलाच्या आधारे सिद्ध केलं की त्या भागात नदी असणं शक्यच नाही. दोघा भावांनी एकमेकांकडे न बघता नदीच्या बाजूने मत दिलं. पण एक सांगतो, भांडणं काहीही झाली तरी शब्द सगळ्यांचे तेच निघत. बुवा कुठे थांबले, कुठे हसले, कुठे श्वास घेतला, पाचही जणांना सारखं आठवत होतं. चौदा पानं भरली.

आता माझ्याबद्दल एक गोष्ट सांगायची राहिली. मी नोंदणी कार्यालयात नकला विभागात आहे. लोक जुने दस्त घेऊन येतात, आम्ही नक्कल काढतो, मूळ कागदाशी अक्षर न अक्षर ताडून बघतो, आणि खाली शिक्का मारतो: 'मूळ प्रतीबरहुकूम खरी नक्कल'. एकोणतीस वर्षांत माझ्या शिक्क्याखाली एक अनुस्वार चुकला नाही. ज्याने आयुष्यभर हे केलं त्याच्यापुढे कुणी हिरवा कोट आणि तळघरातले पक्षी ठेवले तर त्याने काय करावं?

आमच्या खालच्या मजल्यावर वकील राहतात. न विचारता सल्ला देतात, विचारला तर फी सांगतात, म्हणून मी कधी विचारत नाही. ते जिन्यात भेटले आणि चौदा पानं चाळून म्हणाले की मजकूर उत्तम आहे, पण याला वजन नाही. कागदाला वजन शिक्क्याने येतं.

हे वाक्य त्यांनी सहज टाकलं आणि ते खाली निघून गेले. मी मात्र ते घेऊन ऑफिसला गेलो. जेवणाच्या सुट्टीत, विभागात कुणी नसताना, मी चौदाही पानांवर शिक्का मारला. सही केली. तारीख घातली. देवाशपथ सांगतो, त्या क्षणी माझ्या मनात जराही शंका नव्हती. मूळ प्रत माझ्या कानात होती आणि मी ती ताडून पाहिली होती.

दोन आठवड्यांनी साहेबांनी आत बोलावलं. साहेब माझ्याहून अठरा वर्षांनी लहान आहेत आणि मला 'काका' म्हणतात. त्या दिवशी 'आपण' म्हणाले, तेव्हाच मी ओळखलं. कंपनीने ती चौदा पानं आमच्याच कार्यालयाकडे पाठवली होती, सोबत नम्र विनंती, की आपल्या विभागाने प्रमाणित केलेल्या या नकलेची मूळ प्रत आम्हाला पाहावयास मिळावी.

साहेबांनी विचारलं, "मूळ कुठे आहे?"

मी म्हटलं मूळ त्यांनीच गाळलं आहे, तीच तर तक्रार आहे. साहेब म्हणाले, म्हणजे जे नाही त्याची नक्कल आपण खरी ठरवलीत. असं मांडल्यावर ते वाईट दिसत होतं हे मला मान्य करावं लागलं. मेमो मिळाला. एका महिन्यात मूळ प्रत सादर करावी किंवा खुलासा द्यावा. तोवर शिक्का कुलपात, आणि मी आवक खिडकीवर. एकोणतीस वर्षं लोक माझ्यापुढे उभे राहून माझ्या शिक्क्याची वाट बघायचे, ते आता येऊन विचारायला लागले की स्टेपलर आहे का.

घरी आल्यावर बायको म्हणाली की तुमचं कीर्तन आता सरकारदरबारी पोहोचलं म्हणायचं. मग थोड्या वेळाने, आवाज खाली आणून, म्हणाली की आईंना कालपासून दाराची घंटा ऐकू येत नाहीये. आणि आईंच्या खाटेखालच्या ट्रंकेला आंबूस वास येतो, ती एकदा उघडून उन्हात टाकू का. मी म्हटलं या घरात माझी नोकरी जायची वेळ आली आणि तुला ट्रंकेचं पडलंय. ती म्हणाली, वास आठ वर्षांपासून येतोय, मी फक्त आज बोलले.

कंपनीचं खरं पत्र त्यानंतर आठ दिवसांनी आलं. मी ते मंडळात उभं राहून वाचलं. त्यांनी लिहिलं होतं की आपल्या चित्रपटाची मूळ निगेटिव्ह चौदा रिळांची असून ती त्यांनी पुन्हा तपासली. नवव्या रिळाच्या शेवटी नायिका जिन्यावर बसते. दहावं रीळ दुसऱ्या सकाळी सुरू होतं. मधे काहीही नव्हतं, कधीच नव्हतं. सेन्सॉरच्या दाखल्यातली लांबीही तेवढीच आहे. मात्र आपण पाठवलेलं आख्यान त्यांना एका वेगळ्याच चित्रपटाच्या गाण्यांच्या पुस्तिकेत सापडलं. शब्द न शब्द तोच, फक्त उपरण्याचा उल्लेख नाही. तो भक्तिपर चित्रपट त्याच वर्षी आला, आठवडाभरात उतरला, त्याची निगेटिव्ह आगीत गेली. एकच प्रत उरली आहे आणि तिच्यातलं सातवं रीळ, म्हणजे नेमकं हे आख्यान, बेपत्ता आहे. सातव्या रिळाचा डबा उघडला तेव्हा आत दंतमंजनाची जाहिरात निघाली. याबाबत आपणास काही माहिती असल्यास कळवावे.

खोलीत नुसती इस्त्रीची वाफ. मग मास्तर म्हणाले की निगेटिव्हमध्येच फेरफार झालेला आहे, उघड आहे. दोघा भावांची पहिल्यांदाच दोन मतं झाली, आणि त्यावरून ते सत्तावीस वर्षांनी एकमेकांशी बोलले. जे बोलले ते लिहिण्यासारखं नाही. डॉक्टर दंतमंजनावर घसरले. मी पत्राची घडी घातली आणि निघालो. वाटेत बँकेवरून जावं लागतं. काचेआड ते अधिकारी बसले होते. मी मान खाली घालून पुढे गेलो.

माझा राग आता कुणावर करायचा हेच कळेना. मी घरी येऊन आईच्या खाटेशेजारी बसलो आणि तिच्या उजव्या कानाशी तोंड नेऊन सगळं सांगितलं. आवाज चढलेला होताच, तो उपयोगी पडला. मी म्हणालो की आई, ते आख्यान आपल्या चित्रपटात नव्हतंच. आपल्या सगळ्या गावाला भ्रम झाला होता. मी खोट्यावर शिक्का मारला.

आई म्हणाली, "मला माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"ते त्यातलं नव्हतं. जिन्यावर संध्याकाळ होती आणि बुवांच्या डोक्यावर भर दुपारचं ऊन. मला तेव्हा डोळे होते रे."

मी विचारलं, मग इतकी वर्षं बोलली का नाहीस. ती म्हणाली की तू चित्रपट चित्रपट करत होतास, मी चित्रपट कुठे मागितला, मी आख्यान मागितलं. मग बोटांनी पदराचं टोक दुमडत तिने जे सांगितलं ते मी जसंच्या तसं देतो, कारण या हकीकतीत शब्दशः देण्यासारखं तेवढंच आहे.

"तुझे वडील दोन महिने बोलले नव्हते. भांडले असते तरी चाललं असतं. मी पिशवी भरली, तुला घेतलं आणि भावाकडे निघाले. घराची किल्ली तेवढी त्यांना द्यायची म्हणून थिएटरात गेले. डोअरकीपर म्हणाला, वहिनी, खेळ चालू आहे, इंटरव्हल होऊन गेलंय, आता सुटल्यावरच भेटतील, बसा. म्हणून शेवटच्या रांगेत बसले. पिशवी पायाशी. त्यांनी खिडकीतून बघितलं असणार. पिशवी बघितली असणार. मग ती नायिका जिन्यावर बसली आणि एकदम बुवा आले. मी ओळखलं. आदल्या आठवड्यातला चित्रपट होता तो, मी त्यांना म्हटलं होतं, यातलं आख्यान मला फार आवडलं, माझे वडील असंच सांगायचे. दोन महिन्यांत मी बोललेली तेवढीच एक गोष्ट. त्यांनी ऐकली होती म्हणायची."

मग आई म्हणाली, "आठशे माणसं शिट्ट्या मारतील असं वाटलं मला. कुणी हललं नाही. अकरा मिनिटं संपली तशी मी किल्ली पदराला बांधली आणि घरी जाऊन स्वयंपाकाला लागले."

दुसऱ्या दिवशी लोकांनी बुवा कुठे गेले म्हणून ओरडा केला. मालकाने वडिलांना बोलावून सांगितलं की काय केलंस ते रोज कर. पंचवीस आठवडे आपला चित्रपट आमच्या गावात बुवांसकट चालला. भक्तिपर चित्रपटाचे डबे न्यायला माणूस आला तेव्हा त्याने पंधरा डबे मोजले आणि पंधरा नेले. डब्यात काय आहे ते पडलेल्या चित्रपटाच्या बाबतीत कोण बघतो.

म्हणजे वर्षभर मी ज्या माणसाच्या नावाने बोटं मोडत होतो, जुन्या चित्रपटात हात घालणारा, आपल्या मर्जीने घुसडणारा, गाळणारा, कुणाला न सांगता फेरफार करणारा, तो माझा बाप होता. आणि एक नाही, दोन चित्रपट बिघडवले होते त्याने. एकात अकरा मिनिटं जास्त, दुसऱ्यात अकरा मिनिटं कमी. मी थरथरत होतो. रागानेच असावं, दुसरं काही असेल तर मला ते ओळखता आलं नाही.

"आणि ते रीळ?" मी विचारलं.

आईने खाटेवरून हात खाली सोडला आणि ट्रंकेच्या झाकणावर ठेवला.

तळाशी, जुन्या चादरीत गुंडाळलेला, चपटा पत्र्याचा डबा. झाकण उघडताच व्हिनेगरसारखा भपकारा आला. जुन्या फिल्मला असा वास सुटतो हे मला माहीत नव्हतं. बायको दारात उभी होती. ती एक शब्द बोलली नाही, आणि त्या न बोलण्यात आठ वर्षांचा हिशोब होता.

रीळ दाखवायला मशीन कुठून आणणार. थिएटरच्या जागी आता फरशांचं दुकान आहे. तेव्हा ज्या कंपनीला मी एकोणीस पत्रं लिहिली होती, आणि ज्यांतलं सर्वांत सौम्य विशेषण 'नराधम' होतं, तिलाच विसावं लिहावं लागलं. तिसऱ्या दिवशी दारात एक माणूस उभा. पाठीवर यंत्राची पेटी, डोळ्यांवर जाड चष्मा. म्हणाला, मीच तो. मी विचारलं, कोण तो. म्हणाला, "हिरवा कोट."

मी वर्षभर या क्षणासाठी वाक्यं घोटली होती. पण त्या माणसाने पांढरे हातमोजे घातले, डबा उघडला आणि लहान बाळाला टोपडं घालावं तशा हाताने फिल्मची कड चाचपायला लागला, आणि माझी सगळी वाक्यं तोंडातच विरली. तरी एक सुटलंच. मी म्हटलं, तळघरात पक्षी. तो खाली बघत म्हणाला की ते वरून सांगितलं होतं, मी दोनदा काढले होते. मग तो म्हणाला की फिल्म आखडली आहे, एकदाच चालवता येईल, एकदाच उतरवून घेईन, नंतर लागेल तेवढं स्वच्छ करता येईल.

आईच्या उजव्या कानावर त्याने स्वतःच्या हाताने हेडफोनची वाटी बसवली. मला दुसरी दिली. त्याने यंत्र सुरू केलं. नुसती खरखर, पत्र्यावर पाऊस पडावा तशी. मग बुवांचा श्वास. पहिला सूर लागतो न लागतो तोच मधे एक आवाज आला: तुक्. जाडसर, बोटाने दार वाजवावं तसा. आणि सूर पुढे गेला.

त्या माणसाने लगेच कागदावर खूण केली. मला हळूच म्हणाला की इथे रीळ तुटलेलं होतं, कुणीतरी घाईघाईत सांधलंय, सांधा वेडावाकडा आहे. हरकत नाही, हा आवाज मी पुसून टाकीन, कळणारसुद्धा नाही.

आईने हात वर केला होता. तिला त्याचं बोलणं ऐकू येणं शक्य नव्हतं. ती मला म्हणाली, "ऐकलंस? हे तुझे वडील. त्या दिवशी घाईत तोडलंन. रोज यायचा हा आवाज, पंचवीस आठवडे."

मी त्या सद्गृहस्थाचं मनगट धरलं. बऱ्यापैकी जोरात धरलं असावं, कारण नंतर त्याने ते चोळलं. मी सांगितलं की चेहरे धू, रंग दे, पाहिजे तर बुवांच्या डोक्यावर पोपट बसव. पण त्या आवाजाला हात लावलास तर मी, देवाला रोज हात जोडणारा माणूस, तुझं काय करीन ते मला सांगता येत नाही. त्याने कागदावरची खूण खोडली. अकरा मिनिटं आम्ही तिघे हललो नाही. गाठोडं नदीकाठीच उघडलं. मास्तरांचा भूगोल चुकला होता.

मूळ प्रत मी मेमोच्या मुदतीत, डब्यासकट, साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवली. त्यांनी झाकण उघडलं, वास घेतला आणि शिक्का लगेच परत दिला. बँकेतल्या अधिकाऱ्यांना मी मंडळात परत बोलावलं. ते आले नाहीत. तो त्यांचा हक्क आहे.

तो भक्तिपर चित्रपट गेल्या महिन्यात डीव्हीडीवर आला, सातव्या रिळासकट, तुक् सकट. आणि परवा कंपनीने मला एक पत्र पुढे पाठवलं. कुठल्याशा दूरच्या गावच्या रसिक मंडळाचं. सात सह्या. आम्ही हा चित्रपट आमच्या तरुणपणी पाहिला असून बुवा पहिला सूर लावतात तेव्हा मधे असला ओंगळ आवाज नव्हता, हा फेरफार कुणी केला, कोणाच्या परवानगीने केला, ताबडतोब खुलासा करावा.

माझं मस्तक फिरलं. कोण ही माणसं? काय समजतात स्वतःला? मी सहा पानी उत्तर लिहायला घेतलं. पेन कागदातून आरपार जात होतं. आईला माझा त्रागा ऐकू आला नसेल, पण खाट टेबलाला लागून आहे, ती हलत होती. काय झालं म्हणून तिने विचारलं. उजव्या कानात आता फार ओरडावं लागतं. मी सातही सह्यांसकट ते पत्र ओरडून वाचलं.

आई बराच वेळ हसली. मग म्हणाली, "त्यांच्या गावी कुणी पिशवी घेऊन बसलं नसेल."

मी सहाही पानं फाडली. नव्या कागदावर तेवढं एकच वाक्य लिहिलं, खाली सही केली आणि पाठवून दिलं. शिक्का मारला नाही.